दुपारच्या शाळेतलं घर

ड्रिलच्या टोकाला बटाटा लागला होता.

लिनेयानं ड्रिल बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा नीट पाहिलं. बटाटाच! शिवाय कांद्याची एक पाकळी आणि चंदेरी कागदाचा बारीकसा कपटा. भिंतीतून लाकडाचा भुसा येतो हे व्हुकेलिच बाईंनी वर्गात सांगितलं होतं. बटाट्याचं काही बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात त्या नव्या भोकाच्या पलीकडे, घराच्या बाहेरच्या अंगाला, एक डोळा येऊन टेकला. करडा डोळा. पापण्यांवर भुशाचे कण.

"आत कोण आहे?" डोळ्यानं विचारलं.

"मी... वायरिंगच्या वर्गातली. बाहेरच्या दिव्यासाठी भोक पाडत होते."

"दिव्यासाठी होय? मग तो माझ्या डब्यात कशाला लावतेस?"

लिनेया धावतच बाहेर गेली. परांचीवर एक उंच मुलगा मांडी ठोकून बसला होता. सुताराची पेटी शेजारी, पेन्सिल कानामागे. हातात पेस्टी — बटाटा, मांस, कांदा भरून भाजलेली जाडजूड करंजी म्हणा ना — आणि तिच्या बरोबर मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. उन्हात जरा ऊब धरेल म्हणून त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली होती. त्यानं ती डोळ्यासमोर धरली आणि भोकातून तिच्याकडे पाहिलं.

"आरपार. तुझं नाक दिसतंय. लाल झालंय."

"मी खरंच... मला माहीत नव्हतं तिथे कोणी —"

"पण हात चांगला आहे हं तुझा. काय सरळ गेलंय! आमच्या सुतारकामाच्या वर्गात एवढं सरळ भोक कुणाला जमत नाही."

तिला हसू आलं. ते दाबताना नाक आणखी लाल झालं असावं.

"सॉरी म्हणतेय ना मी."

"सॉरी खाता येत नाही. उद्या दुसरी आण. आणि एक सांगतो, गाजर घातलेली चालणार नाही."

"आमच्याकडे गाजर घालतातच."

"अरे देवा!" त्यानं कपाळाला हात लावला. "फिनिश घरातली आहेस?"

"कोस्केला. लिनेया कोस्केला."

"एमेट ट्रेव्हॅरो. आमच्या खापरपणजोबांनी इंग्लंडातून, कॉर्नवॉलहून येताना ही पेस्टी आणली, डब्यात घालून तांब्याच्या खाणीत नेली. तुमच्या लोकांनी ती नुसती एकदा बघितली, आणि लगेच तिच्यात गाजर कोंबलं!"

"आणि वर केचप ओतून चवीला आणली," लिनेया म्हणाली आणि मागे न बघता आत निघून गेली. जिना चढताना तिच्या लक्षात आलं, आपण शीळ घालतोय. तिला शीळ घालता येत नसे.

दुसऱ्या दिवशी तिनं पेस्टी नेली. गाजर घातलेली. त्यानं एकेक तुकडा वेगळा काढून परांचीच्या कडेला रांगेत मांडला, बाकीची पेस्टी फस्त केली — आणि मग इकडेतिकडे बघत ते तुकडेही खाल्ले. तिनं वरच्या खिडकीतून ते सगळं पाहिलं.

ही होती दुपारची शाळा. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या त्या काठावर सगळे तिला दुपारची शाळाच म्हणत. सकाळी आपापल्या गावच्या हायस्कुलात गणित, इतिहास, इंग्रजी. जेवणाच्या सुट्टीनंतर पिवळी बस यायची आणि गावागावांतली शेवटच्या दोन वर्षांची मुलं गोळा करून तंत्रशाळेत न्यायची. कुणी तिथे मोटारी उघडत, कुणी वेल्डिंग करत, कुणी रुग्णाचा रक्तदाब घ्यायला शिकत, कुणी स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत. सुतारकाम आणि वायरिंगचे वर्ग मात्र दर वर्षी मिळून एक खरंखुरं घर बांधत. पायापासून छपरापर्यंत. कुणीतरी त्यात राहायला जाणार असे.

यंदाचं घर डार्लीनचं होतं. डार्लीन म्हणजे ती पिवळी बस चालवणारी. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं तिचं छप्पर बसलं, तेव्हापासून ती दोन नातवंडांना घेऊन बहिणीच्या तळघरात राहत होती. साहजिकच यंदा बस एकदाही उशिरा आली नाही. उलट कुणी रमतगमत आलं, की डार्लीन खिडकीतून ओरडायची, "चला रे, चला! माझं बाथरूम अजून कागदावर आहे!"

लिनेया तिथे आली ती तशी अपघातानंच. तिचा पदार्थविज्ञानाचा तास आणि बँडचा तास एकाच वेळी यायला लागला. वायरिंग घेतलं तर विज्ञानाचे गुण मिळतात असं कळलं, आणि तिच्या आईनं नाइलाजानं मान हलवली. आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. मुलगी पहिल्यापासून हुशार. ती डॉक्टर होणार हे घरात इतकं ठरलेलं, की त्याबद्दल कधी कुणी बोलतही नसे.

"गुणांपुरती जा," आई म्हणाली होती. "आणि बोटं सांभाळ. पुढे लागणार आहेत तुला."

पण पहिल्याच महिन्यात काय झालं, लिनेयानं एक साधा स्विच जोडला. दोन तारा, एक बटण, एक दिवा. बटण दाबलं आणि दिवा लागला. बस्स, एवढंच. आजवर विद्युतप्रवाह तिला वहीत भेटला होता, बाण आणि अक्षरं होऊन. इथे तो तिच्या हाताखालून वळला, तिनं सांगितलं तिकडे गेला, आणि खोली उजळली. तिनं तो दिवा इतक्या वेळा लावला आणि घालवला, की व्हुकेलिच बाई म्हणाल्या, "कोस्केला, आता त्याला झोपू दे."

आणि मग एमेट होता. त्याला वायरिंगमध्ये अचानक फार रस वाटायला लागला होता.

"हा स्विच इथे कशाला? दार उघडलं की त्याच्या मागे जाईल."

"दार उलट्या बाजूला उघडणार आहे."

"कोण म्हणतं?"

"नकाशा म्हणतो. तुझ्याच वर्गाचा."

"हं..." तो नकाशाकडे बघायचा, मग तिच्याकडे. नकाशाकडे कमी वेळ. "बरोबर आहे तुझं. मी फक्त परीक्षा घेत होतो."

"झाली घेऊन?"

"आजची झाली. उद्या पुन्हा."

तो फार बोलायचा आणि फार सावकाश काम करायचा. एखादी फळी बसवून झाली तरी तिच्यावरून तळहात फिरवत राहायचा, जणू ती घाबरलेली घोडी आहे. त्याला घाई करायला सांगितली की सुतारकामाच्या मॅकी सरांनाही तो ऐकवायचा, "सर, डार्लीन या भिंतीकडे पुढची चाळीस वर्षं बघणार आहे." नोव्हेंबरात बर्फ सुरू झालं, खिडक्या पांढऱ्या झाल्या आणि घरात हीटर लागला. लिनेयाचे हातमोजे तिला रोज त्या हीटरवर वाळत घातलेले सापडायला लागले. घालताना उबदार असत. कोण ठेवतं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ते थांबलं असतं...

फेब्रुवारीत विद्यापीठाकडून तिला प्रवेश मिळाल्याचं कळलं. दक्षिणेकडचं मोठं विद्यापीठ, दिवसभराचा रस्ता. बातमी बसमध्ये तिच्या आधी पोचली. डार्लीननं हॉर्न वाजवून ती जाहीर केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एमेटनंही वाजवल्या. मग तो खिडकीबाहेर बघत बसला, आणि बाहेर तर बर्फाखेरीज काही नव्हतं.

त्या दुपारी ती मुलांच्या, म्हणजे डार्लीनच्या नातवंडांच्या, खोलीत वायर ओढत होती. तो दारात येऊन उभा राहिला.

"छान झालं," तो म्हणाला. "अभिनंदन."

"असं म्हणतोयस, जसा दाताच्या डॉक्टरकडे आलायस."

तो हसला नाही. तीच मग म्हणाली, "तूही अर्ज कर ना. मॅकी सर कधीपासून मागे लागलेत. बांधकामाचा अभ्यासक्रम आहे, कालव्यापलीकडेच कॉलेज आहे, इथले गुणसुद्धा धरतात ते."

"मी? तिथे निबंध लिहावा लागतो. मी आपला मामाच्या हाताखाली कामाला लागणार. ठरलंय."

"ठरलंय की घाबरलायस?"

हे जरा जोरात गेलं. त्याचे कान लाल झाले.

"मी घाबरतो. बरं. आणि तुझं काय?" तो म्हणाला. "तुला काय, हे सगळं म्हणजे सहल आहे. उद्या डॉक्टर होशील, कुठल्यातरी पार्टीत सांगशील... मी शाळेत असताना की नाही, एकदा वायरिंग केलं होतं. सगळे हसतील. मस्त गोष्ट आहे."

लिनेयाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. तिला खूप काही सांगायचं होतं. आठवड्यापूर्वी व्हुकेलिच बाईंनी तिला बाजूला घेऊन इलेक्ट्रिशियनच्या उमेदवारीबद्दल सांगितलं होतं — दिवसा पगारी काम, संध्याकाळी वर्ग, आणि काही वर्षांनी स्वतःचं लायसन — आणि त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यात आधी ती त्यालाच सांगणार होती.

"जा इथून," ती म्हणाली. "मला काम आहे."

तो गेला. तिनं घाईघाईनं उरलेली वायर ओढली. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुतारकामाच्या मुलांनी त्या खोलीत जिप्समचे बोर्ड ठोकले आणि वायरी भिंतीआड गेल्या.

त्यानंतर हातमोजे गारच मिळायला लागले.

मार्च तसाच गेला. दोघं एकाच घरात काम करत होती, पण तो वर असला की ती खाली, ती वर आली की तो बाहेर. कानावर मात्र येत असे. एमेट मुलांच्या खोलीची भिंत करतोय. भिंतीत गोल कमानीचा कोनाडा केलाय, पुस्तकं आणि खेळणी ठेवायला. डार्लीनची नात जुनिपर येऊन बघून गेली आणि कोनाड्यात स्वतःच बसली. एकदा सगळे गेल्यावर लिनेया हळूच बघून आली. पुट्टी अशी गुळगुळीत लावली होती, की कमान कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. तिनं तळहात फिरवून पाहिला. मग कुणीतरी बघेल म्हणून पटकन खिशात घातला.

एप्रिलच्या शेवटी, सरकारी तपासनीस येण्याच्या आदल्या दुपारी, व्हुकेलिच बाईंनी घराची वीज पहिल्यांदा सुरू केली. दोन्ही वर्ग जमले होते, डार्लीनही होती. एकेका खोलीच्या ब्रेकरचा खटका वर गेला. स्वयंपाकघर — टाळ्या. बैठकीची खोली — टाळ्या. मुलांची खोली —

खट्.

खटका आपोआप खाली पडला; वायरीत कुठेतरी शॉर्ट होता. बाईंनी सगळं तपासून पुन्हा एकदा वर केला. खट्.

"ही खोली कुणी केली?" बाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण विचारायची पद्धत होती.

"मी," लिनेया म्हणाली.

"मग शोध."

तिनं वीज बंद करून टेस्टर घेतला आणि शोधायला सुरुवात केली. एक जोड सोडवायचा, तपासायचं, पुढच्याकडे जायचं. हा तुकडा चांगला. हाही चांगला. हळूहळू सगळी खोली सुटत गेली आणि एकच तुकडा उरला. पलंगाशेजारच्या दिव्याकडे जाणारी वायर. ती त्या कमानीच्या भिंतीतून जात होती.

मॅकी सर हनुवटी खाजवत म्हणाले, "तो दिवा सोडून देऊ. वायर दोन्ही टोकांना तोडून बंद करून टाकू. उद्या तपासणी आहे, आता भिंत कोण फोडणार? एका दिव्यावाचून काही अडत नाही."

पण त्या दिव्याची जागा जुनिपरनं स्वतः दाखवली होती, अंथरुणातून हात पोचेल अशी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पर कोसळलं तेव्हा घरात अंधार होता. ती मुलगी अजून अंधाराला घाबरायची.

लिनेया भिंतीसमोर उभी राहिली. आईचं म्हणणं बरोबर होतं कदाचित, गुणांपुरतंच यायला हवं होतं. आपण कागदावरची मुलगी. तिथे चुकलं तर खोडता येतं...

"कुठे कापू?"

ती वळली. एमेट मागे उभा होता, हातात बारीक करवत. कित्येक आठवड्यांनी तो तिच्याशी बोलत होता.

"एमेट, ही तुझी भिंत आहे."

"भिंत परत करता येते. कुठे कापू ते सांग."

"मला नक्की नाही माहीत. या उभ्या लाकडापाशी वाटतंय... पण चुकले तर?"

"तर दुसरीकडे कापू."

त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं. तिनं त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. दोघांनाही नंतर आठवलं, की तिनं ती मागितली नव्हती. भिंतीवर तिनं एक उभी चौकट काढली, कमानीच्या अगदी खांद्यापाशी. त्यानं एकदा त्या गुळगुळीत पुट्टीवर तळहात ठेवला, मग करवत घातली. पांढरी पूड दोघांच्या केसांवर उडाली.

बोर्डाचा तुकडा निघाला. आत, लाकडाच्या कडेला लागून वायर होती, आणि तिच्या पोटात एक स्क्रू घुसला होता. टोकाशी काळा डाग.

लिनेयानं डोळे मिटले. "पत्र्याची पट्टी नाही लावलेली. भोक कडेजवळ असलं की वर पट्टी लावायची असते, स्क्रू आत जाऊ नये म्हणून. मी विसरले."

"स्क्रू तिरका गेलाय," एमेट म्हणाला. "मी मारलेला. सरळ मारला असता तर वायरला लागलाही नसता."

"पट्टी असती तर तिरकाही लागला नसता. चूक माझी आहे."

"तुझी कशी? स्क्रू माझा."

"वायर माझी!"

"पण मी रागात —" तो थांबला.

ती पट्टी कुठल्या दुपारी राहून गेली आणि तो स्क्रू कुठल्या दिवशी मारला गेला, हे दोघांनाही एकदमच आठवलं.

"दोघांची चूक. वाटून घ्या," व्हुकेलिच बाई दारातून म्हणाल्या. "आणि भांडण नंतर, आधी वायर. बाकीच्यांनी खाली चला. ट्रेव्हॅरो, तू तिला मदत कर. दार उघडं राहू दे."

तिनं जुनी वायर काढून नवी ओढली, पट्टी ठोकली, एक नाही, लागोपाठ दोन. तो शेजारी बसून बोर्डाचा तुकडा तासत होता. वाकताना त्यांचे खांदे लागत होते, आणि कुणीच बाजूला सरकत नव्हतं.

"सहल नव्हती ती," ती वायरकडे बघत म्हणाली. "माझ्यासाठी."

"माहीत आहे मला. बोलत असतानाच माहीत होतं." त्यानं कानस घासायची थांबवली. "तू जाणार म्हणून... म्हणजे मला असं... मूर्खासारखं बोललो मी, लिनेया."

"मी नाही जाणार."

कानस त्याच्या हातातून पडली.

"माझ्या त्या बोलण्यामुळे?"

"स्वतःला फार मोठा समजू नकोस. मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. दोन तासांवरच्या शहरात उमेदवारी आहे, तिथे मी मुलाखत देऊन आलेय. घरी अजून माहीत नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या एका भुवईवर पांढरी पूड बसली होती, त्यामुळे तो अर्धा म्हातारा दिसत होता. तिनं बोटानं ती पुसली. तेवढंच. पण मग बराच वेळ तिचं ते बोट तिला वेगळं जाणवत राहिलं.

ब्रेकर वर गेला, आणि वरच राहिला.

तपासनीस दुसऱ्या दिवशी आला. कोरडा, शिडशिडीत माणूस. त्यानं प्रत्येक प्लगमध्ये आपलं यंत्र खुपसलं, कमानीपाशी ओल्या पुट्टीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, लिनेयाला दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाला, "ठीक आहे." एवढा सुंदर शब्द तिनं त्याआधी ऐकला नव्हता.

मे महिन्यात घर डार्लीनच्या हवाली झालं. घराघरांतून लोक आले. स्वयंपाकाच्या वर्गानं केक केला होता. लिनेयाची आई इस्पितळातून सरळ आली, कोट न काढता खोल्या बघत फिरली. मुलांच्या खोलीत जुनिपर पलंगावर पडून दिवा लावत होती, घालवत होती, लावत होती.

"ही वायर तू ओढलीस?" आईनं विचारलं.

"हो. दोनदा." लिनेयानं श्वास घेतला. "आई, मला उमेदवारी मिळालीय. इलेक्ट्रिशियनची. मी विद्यापीठाला नकार कळवणार आहे."

दिवा लागला, गेला, लागला.

"डॉक्टर होणार होतीस तू," आई हळू आवाजात म्हणाली.

"ते ठरलेलं होतं आई. मी कधी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"लिनी, तू सगळ्या शाळेत पहिली येतेस! आणि हे... थंडीत, शिड्यांवर, बाप्यांच्या घोळक्यात..."

"व्हुकेलिच बाई आयुष्यभर त्या घोळक्यात होत्या. त्यांना विचार, कोण कुणाला घाबरायचं."

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिनं ते आवरलं. "आणि कंटाळलीस म्हणजे?"

"तर पुढे शिकेन. विद्यापीठ काही कुठे पळून जात नाही. पण आई, मी इथे असते ना, तेव्हा मला घड्याळ बघावंसं वाटत नाही."

आई खिडकीपाशी गेली. पाठमोरी उभी राहिली. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि सरोवरावरचं शेवटचं बर्फ फुटून काठाला लागलं होतं. ती रडतेय की काय, म्हणून लिनेया पुढे झाली.

"आपल्या तळघरातला दिवा ख्रिसमसपासून लुकलुकतोय," आई न वळता म्हणाली. "तो कधी बघणार आहेस? का नुसती लोकांचीच घरं उजळणार?"

लिनेयानं मागूनच तिला मिठी मारली, कोटासकट. आई म्हणाली, "मला अजून पटलेलं नाहीये हं." पण तिनं तिचे हात सोडवले नाहीत.

एमेट बाहेर ओट्याच्या पायरीवर बसला होता, केकची बशी गुडघ्यावर ठेवून. खाल्ला मात्र नव्हता. लिनेया शेजारी बसली. पावसाचे थेंब छपराच्या कडेवरून ओळीनं पडत होते.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं."

"आणि?"

"तळघरातला दिवा दुरुस्त करायचा हुकूम झालाय."

तो मोठ्यानं हसला.

"मलाही एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला कॉलेजात घेतलंय. कालव्यापलीकडच्या. तू घाबरलायस म्हणालीस ना, त्याच आठवड्यात अर्ज केला. निबंधसुद्धा लिहिला. मॅकी सरांनी तो दोनदा फाडला, मी तीनदा लिहिला."

"आणि मला इतके दिवस बोलला नाहीस?"

"नाही घेतलं असतं तर? तुझ्यासमोर नापास व्हायला मला नको होतं." त्यानं बशी खाली ठेवली. "मामा म्हणाला, बरं झालं. निदान घरातल्या एकाला तरी हिशोब कळेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम खुदकन हसली. "म्हणजे बघ... पुस्तकातली मुलगी चालली कामाला, आणि करवतीचा मुलगा चालला कॉलेजला!"

"तू कमावणार, मी वह्या भरणार."

"चालेल. कॉफी मी पाजत जाईन."

"पाजायला तू असशील तिकडे, दोन तासांवर." त्यानं हे अगदी हळू म्हटलं. मग तिच्याकडे वळला. "लिनेया, मी... म्हणजे मला... या वर्षभरात तू जी..."

"तीनदा निबंध लिहिलास ना? वाक्य पूर्ण कर."

"तू मला आवडतेस." कान लालबुंद. "फार. पूर्णविराम."

पाऊस जरा वाढला. आत कुणीतरी सगळे दिवे लावले, आणि खिडकीतला उजेड ओल्या अंगणात पडला. लिनेयानं त्याचा हात हातात घेतला. खरखरीत, जागोजागी चिरा पडलेला. तिचाही आता काही वेगळा नव्हता.

"मला शुक्रवारी संध्याकाळी वर्ग नसतो," ती म्हणाली.

"उमेदवारीत? तुला आत्तापासून कसं ठाऊक?"

"मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुला आमच्याकडून काही जाणून घ्यायचंय का? लोक पगार विचारतात. मी म्हटलं, शुक्रवारी किती वाजता सुटायला मिळेल?"

तो बघतच राहिला. "म्हणजे... तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून," ती म्हणाली. "मुलाखत उशिरा झाली."

"हिवाळ्यात रस्ता बंद असेल, बर्फ असेल —"

"एमेट ट्रेव्हॅरो," ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली, "तू आता एक मिनिट गप्प बस."

आणि तो बसला.